कसर

डंडीत, टे नदीपासून दोन गल्ल्या आत,
तागाच्या जुन्या गिरणीच्या तळघरात माझं टेबल.
कापड मरू नये म्हणून मला पगार मिळतो.

आज आयसोबेल मेल्ड्रम आल्या, वय एक्याऐंशी.
पिशवीत बुटांचं खोकं, खोक्यात वर्तमानपत्र,
त्यात आजोबांचा हातमोजा, उजवा.
डावा कुत्र्याने नेला, म्हणाल्या, युद्धाच्या आधी.

दिव्याखाली धरला. अंगठ्यापाशी चाळण.
"कसर," मी म्हटलं, आपल्याच भाषेत, आपल्याशीच.
"काय?"
आता काय सांगू?
लोकर खाते ती कसर.
हिशेबात कमी पडते ती कसर.
अंगात असते पण थर्मामीटरला सापडत नाही, तीही कसरच.
म्हटलं, "किडा लागलाय."

आर्चिबाल्ड मेल्ड्रम, सुतार, जहाज सेंट फिलन.
ध्रुव गाठायला दोनशे सहा मैलांची कसर राहिली
आणि ते परतले आठ बोटांनिशी.
धक्क्यावरच्या पितळी पाटीवर कप्तान आहे, डॉक्टर आहे,
भूगर्भशास्त्रज्ञ आहे, मग "व इतर अकरा".
गेली त्यांची करंगळी, आणि तिच्या शेजारची,
जिला आपण अनामिका म्हणतो.

दर मार्चात तिथे पाण्यात पुष्पचक्र सोडतात.
यंदा नऊ माणसं, आणि बॅगपाइप वाजवणारा एक पोरगा, नाक पुसत.
चक्राला सुतळी बांधलेली असते,
कारण नदीत कचरा टाकला म्हणून नगरपालिकेने एकदा दंड केला होता.
दोन मिनिटं शांतता, मग ओढून घेतात,
झटकतात, पुढच्या वर्षासाठी ठेवतात.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले होते.
आता नाही हसत.
जपणं बहुधा असंच असतं, सुतळी हातात धरून.

हातमोजा उलटा केला तेव्हा कळलं:
दोन बोटं आत वळवून शिवलेली,
जाड, घाईचे टाके, पोती शिवावीत तसे.
सूक्ष्मदर्शकाखाली धागा बोलला: ताग.
"आजी," आयसोबेल म्हणाल्या. "युफेमिया.
इथेच होती कामाला, वरच्या मजल्यावर.
रिकामी बोटं लोंबायची, आजोबांना ती बघवायची नाहीत."
धागा गिरणीतूनच उचलला असणार,
बंगालात कुणीतरी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून कापलेला.

ग्रेगर डॅलग्लीश, आमचे संचालक, जिना उतरून आले.
"टाके उसवू या. प्रदर्शनात मूळ मोजा हवा,
पाच बोटांचा, ध्रुवावर गेला तसा."
"ध्रुवावर तो गेलाच नाही," आयसोबेल म्हणाल्या.
मी एवढंच विचारलं, मूळ कोणता?
जो बर्फात दोन वर्षं होता,
की जो नंतर एकतीस वर्षं कोळशाच्या बादलीची कडी धरत होता?
त्यांनी चष्मा काढून पुसला.
आमच्या खात्यात याला होकार समजतात.

राहिली कसर. आई ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालायची;
इथे औषध एकच, थंडी.
पिशवीत हवाबंद करून उणे तीसला, चौदा दिवस.
ऐकून आयसोबेल गप्प झाल्या.
"पुन्हा तिथेच पाठवताय त्याला?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं, नियमावलीत तर नाहीच.
पिशवी बंद करण्याआधी, नियम मोडून,
मी त्यांना हात लावू दिला, उघड्या बोटांनी.
त्यांनी टाक्यांवर अंगठा ठेवला,
नाडी बघावी तसा.

मग फ्रीजरचं झाकण. घरघर.
नोंदवहीत: हातमोजा, लोकरी, उजवा, तीन बोटं.
स्थितीच्या रकान्यात "अपूर्ण" लिहायला घेतलं, खोडलं.
झाकणावर चिठ्ठी लावली: बाहेर काढणे, बावीस तारीख, दुपारी.
आयसोबेलनी ती डायरीत उतरवून घेतली.
"सेंट फिलनचीही तारीख दिली होती आजीला,"
कोटाची बटणं लावत म्हणाल्या. "चौदा महिने उशीर झाला.
तुम्ही वेळेवर काढा."